दुकान जाते, जागा राहते

आपल्या बारामती-इंदापूरकडे मोठे दुकान उघडले की पहिला प्रश्न भावाचा असतो. ते बंद पडले की प्रश्न उरतो जागेचा. आता तिथे काय येणार? शाळा लवकर सुटून युनियनच्या कचेरीत वाचायला शिकलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न राजेरजवाड्यांच्या वंशावळींहून मोलाचा वाटतो.

मुंबईतली लोअर परळची एक जागा पाहा. तिथली फिनिक्स गिरणी १९०५ सालची. अशा गिरण्यांत कोकणातून गेली तशी देशावरूनही माणसे गेली. बायकामुले गावी, स्वतः खानावळीत. किराणा उधारीचा आणि पगाराच्या दिवशी वाणी दारात. महागाई आणि काळा बाजार ऐन भरात असताना, १९४८ साली, नायगावात कामगारांनी आपले सहकारी दुकान काढले. पुढचा ‘अपना बाजार’ तो हाच. दुकान आपणही चालवू शकतो, हे त्या माणसांना कोणी शिकवलेले नव्हते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरातले कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. गिरण्यांची जमीन मोकळी करण्याची वाट १९९१ च्या नियमाने दाखवली: एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची. इमारतींखालची जमीन वगळली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती दुरुस्ती उचलून धरली. वाटणीत खरी मेख असते ती अशा एका शब्दात!

बिग बाजारचा जन्मही २००१ चाच. फिनिक्सच्या आवारात मॉल झाला, त्यात हे दुकान आले; चिमणी तेवढी जुनी राहिली. २०२२ च्या फेब्रुवारीत देशभरची बिग बाजारची दुकाने रिलायन्सच्या ताब्यात जाऊ लागली. अनेक जागी स्मार्ट बाजारच्या पाट्या लागल्या. सूत, मग साखर-साबण, मग नवी पाटी.

इंग्लंडातल्या रॉचडेल गावी, टोड लेनमध्ये, विणकऱ्यांनी २१ डिसेंबर १८४४ ला सहकारी दुकान उघडले. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या, एवढाच माल. १८६७ साली ते दुकान तिथून हलले आणि त्या जागी पुढे पाळीव पक्ष्यांचे दुकानसुद्धा होऊन गेले. सहकारी चळवळीने मात्र ती जागा पदरचे पैसे घालून परत घेतली. १९३१ पासून तिथे संग्रहालय आहे.

गिरणगावात कामगारांच्या वाट्याला आली ती सोडत. जून २०१२ मध्ये घरे निघाली ६,९२५. अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. अर्जदारांपैकी कित्येक केव्हाच गावी परतले होते.