अद्भुताचा घरोबा

शास्त्रीय अद्भुतकथांचा नाद असलेल्या वाचकांवर एक आक्षेप फार दिवसांपासून घेतला जातो. तो असा की, ही मंडळी नित्याच्या जीवनाकडे पाठ फिरवून चंद्रमंगळांकडे पळतात. शेजारघरचे सुखदुःख ज्यांना दिसत नाही, त्यांनाच परग्रहावरील प्राण्यांची चिंता! आम्ही स्वतः या नादातले असल्यामुळे हा आक्षेप आम्हांस अनेकदा ऐकावा लागला आहे. त्यावर वादविवाद करण्यापेक्षा या वाङ्मयाच्या इतिहासातील एक प्रकरण वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अधिक बरे वाटते.

इ. स. १८९५ मध्ये हर्बर्ट जॉर्ज वेल्स हा २८ वर्षांचा इंग्रज लेखक लंडनजवळच्या वोकिंग या गावी बिऱ्हाड करून राहिला. बाप चिनीमातीची भांडी व क्रिकेटचे सामान विकणारा लहानसा दुकानदार, आई एका बड्या घराण्याच्या वाड्यात कारभारीण, आणि स्वतः पोरवयात कापडाच्या दुकानात उमेदवारी केलेला, असा हा मनुष्य. पुढे हक्स्लेच्या हाताखाली जीवशास्त्र शिकला खरा. पण दुकानाच्या फळीमागून जग कसे दिसते, हे तो कधीच विसरला नाही. वोकिंगला तो सायकलीवरून आसपासचे रस्ते धुंडाळी, आणि मंगळावरच्या स्वारीत कोणती ठिकाणे व कोणती माणसे नष्ट करावयाची याची निवड करीत हिंडे! हे त्याने १९३४ च्या आपल्या आत्मचरित्रात मोठ्या खुशीने सांगितले आहे.

‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ ही त्याची कादंबरी १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः व १८९८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तीत मंगळावरचे पहिले नळकांडे पडते ते कोणा राजधानीत नव्हे, तर वोकिंगजवळच्या हॉर्सेलच्या माळावर. मग काय होते? पोरे त्या नळकांड्यावर दगड मारतात. एक मिठाईवाला आपल्या मुलाला हिरवी सफरचंदे व आल्याचे पेय गाडीवर घालून विकावयास धाडतो. किरणांनी माणसे जळून कोळसा झाल्यावरही गावात आगगाड्यांची ये-जा चालू राहते, मुले वेळेवर निजविली जातात, आणि दुसऱ्या सकाळी गवळी नेहमीप्रमाणे दूध घेऊन येतो. मेजावरचे पांढरे वस्त्र, दिव्याच्या गुलाबी उजेडातला पत्नीचा चेहरा, हे शेवटचे सुखाचे जेवण निवेदकाला पुढे सारखे आठवत राहते. तिपायी यंत्रांचे वर्णन आमच्या स्मरणातून पुष्कळ पुसट झाले. तो गवळी मात्र पुसट होत नाही.

आणि या गवळ्याचे प्रयोजन नुसत्या करमणुकीचे नाही. कादंबरीची मूळ कल्पना वेल्सच्या भावाची, फ्रँकची. पुस्तक त्यालाच अर्पण केले आहे. युरोपियनांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा जो संहार केला, त्याच्याविषयी बोलता बोलता ती निघाली. व पहिल्याच प्रकरणात वेल्स त्या संहाराची वाचकांस आठवण करून देतो. (त्या रहिवाशांचे वंशज आजही आहेत, परंतु त्या काळी ही गोष्ट कोणी जमेस धरीत नसे.) साम्राज्याच्या ऐन वैभवात इंग्रज वाचकाला त्याच्याच अंगणात जित बनविणे, हे काम निबंधाने झाले नसते. त्याला अंगण ओळखीचेच हवे होते. परक्यांच्या राज्यात दीडशे वर्षे काढलेल्या देशातील वाचकास याहून अधिक सांगणे नलगे.

ज्यूल व्हर्नला ही पद्धत रुचली नाही. वेल्सच्या १९०१ च्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीत गुरुत्वाकर्षण अडविणारा एक कल्पित धातू आहे. मी पदार्थविज्ञानाचा आधार घेतो, हा तर पदार्थच निर्माण करतो, अशा अर्थाची तक्रार व्हर्नने १९०३ मध्ये एका मुलाखतीत केली. तक्रार वाजवी आहे. पण व्हर्नच्या तोफेतून उडालेले प्रवासी पहिल्याच धक्क्याने मेले असते, हेही तितकेच खरे! उलट वेल्सचा चंद्रावर जाणारा बेडफर्ड हा दिवाळखोर गृहस्थ. सावकारांच्या ससेमिऱ्यातून सुटण्यासाठी खेड्यात येऊन नाटक लिहू पाहणारा. असा मनुष्य चंद्रावर सोने दिसताच काय करील, ते आम्हांस न सांगता कळते. वेल्सने १९३३ मध्ये आपल्या अद्भुतकथांच्या संग्रहास जी प्रस्तावना लिहिली, तीत या कलेचे मर्म सांगितले आहे: अशक्य कल्पना एकच घ्यावी, तिला वाचकाच्या घरात वावरू द्यावे, आणि बाकी सर्व नेहमीसारखेच ठेवावे.

पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९३८ च्या रविवारी, ऑर्सन वेल्स या नटाने हीच कथा अमेरिकेत रेडिओवरून सादर केली. हॉर्सेलच्या जागी न्यू जर्सीतील ग्रोव्हर्स मिल आले, आणि नृत्यसंगीताचा कार्यक्रम मध्येच थांबवून बातमीपत्रे येऊ लागली. त्या रात्रीच्या घबराटीची वर्णने वृत्तपत्रांनी बरीच फुगविली, असे आता इतिहासकार मानतात. तथापि जे कोणी घाबरले, ते मंगळवासीयांमुळे नव्हे. रोजच्या ओळखीच्या रेडिओच्या आवाजाने घाबरले.

मराठीत हे मर्म ज्यांनी ओळखले त्यांत जयंत नारळीकर (१९३८–२०२५) आमच्या मते अग्रगण्य होत. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे आपलीच आद्याक्षरे उलटी करून, पाठविली व पहिले पारितोषिक मिळविले. त्यांची भाषा कित्येकदा सपाट आहे, पात्रे घाईत रेखाटलेली आहेत. पण उजव्या-डाव्याची उलटापालट ही गणितातील रुक्ष कल्पना सांगावयाची, तर त्यांनी घेतले काय? एक क्रिकेटचा सामना आणि उजव्या सोंडेचा गणपती. त्या गणपतीचे सोवळे किती कडक असते, हे ज्या घरांत आजीने बजावून ठेवले आहे, त्या घरांत ही कथा वाचली गेली.