एक नदी, दोन घड्याळं: ब्लागोव्हेश्चेन्स्क आणि हेइहे

इअरफोन लावले असतील तर सोबत एखादा स्वेटरही चढवा, कारण आजच्या भागात आपण अशा ठिकाणी जाणार आहोत जिथं जानेवारीत पारा उणे वीसच्या आसपास असतो आणि थंडीची लाट आली की त्याच्याही बराच खाली जातो.

हे ठिकाण म्हणजे रशियाच्या अतिपूर्वेकडचं ब्लागोव्हेश्चेन्स्क. नाव उच्चारताना जीभ अडखळेल, हरकत नाही. लोकवस्ती सुमारे 2 लाख 40 हजार. मॉस्कोहून इथं रेल्वेनं यायचं तर जवळजवळ 8,000 किलोमीटरचा प्रवास. पण शहराच्या घाटावर उभं राहून समोर पाहिलं, तर एक किलोमीटरही अंतर नाही आणि तिथं चीन! समोरच्या शहराचं नाव हेइहे. मध्ये अमूर नदी. रशियाच्या बाजूला रात्रीचे बारा वाजतात तेव्हा चीनच्या बाजूला अकराच वाजलेले असतात. म्हणजे इकडे नवीन वर्षाचे फटाके उडत असताना पलीकडे अजून जुनंच वर्ष चालू असतं.

आता मुद्द्याचा प्रश्न. इतके जवळचे शेजारी एकमेकांना खरंच ओळखतात का? याचं उत्तर शोधायचं तर आजची बाजारपेठ बघावी लागेल आणि 1900 सालचा एक दिवससुद्धा. दोन्ही बघूया.

बर्फावरची वाट

आधी फेरफटका मारू. नोव्हेंबरच्या सुमाराला अमूर गोठायला लागते आणि हिवाळ्यात इतकी घट्ट होते की तिच्यावरून वाहनं जाऊ शकतात. त्यामुळे इथं नदी ओलांडायची पद्धत ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात बोट. कडक हिवाळ्यात बर्फावर तयार केलेल्या वाटेनं बस. आणि बर्फ धड धरलेला नाही, धड वितळलेला नाही अशा मधल्या दिवसांत हवेच्या गादीवर चालणारी होव्हरक्राफ्ट. मात्र बर्फ दिसला म्हणून कुणी उठून चालत पलीकडे गेलं असं होत नाही. नदीच्या मधोमध आंतरराष्ट्रीय सीमा आहे, आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय पाऊल टाकायची सोय नाही.

संध्याकाळ झाली की हेइहेच्या उंच इमारती रंगीबेरंगी दिव्यांनी उजळतात. इकडचे लोक घाटावर फिरायला येतात आणि तो झगमगाट बघतात. पण आज उलटं दिसतं ते चित्र फार जुनं नाही. 1980 च्या दशकापर्यंत ब्लागोव्हेश्चेन्स्क हे मोठं शहर होतं आणि पलीकडे लहानसं, साधंसुधं गाव. तीस-पस्तीस वर्षांत पारडं फिरलं.

दोन संस्कृती कुठं भेटतात, तर सगळ्यात आधी ताटात आणि तोंडात. ब्लागोव्हेश्चेन्स्कमध्ये स्वस्त चिनी खाणावळीला लोक ‘चिफानका’ म्हणतात. चिनी भाषेत ‘चि फान’ म्हणजे जेवणं. त्याला रशियन शेपूट जोडलं आणि शब्द तयार. तिकडे चीनच्या या भागात रशियन पद्धतीच्या पावाला ‘ल्येबा’ म्हणतात. तो आलाय रशियन ‘ख्लेब’वरून. एकोणिसाव्या शतकात तर सीमेवरच्या व्यापाऱ्यांची एक मोडकीतोडकी मिश्र भाषाच होती. तिला गंमतीनं ‘मोया-त्वोया’ म्हणजे ‘माझं-तुझं’ म्हणत. व्याकरणाला सुट्टी, शब्द बहुतेक रशियन, वाक्यांची ठेवण बरीचशी चिनी. पण सौदा पक्का व्हायचा.

नदी सीमा कधी झाली?

नकाशावर नदी दिसली की आपल्याला वाटतं, ही सीमा निसर्गानंच आखली असणार. अमूरच्या बाबतीत तसं अजिबात नाही. मांचू लोक तिला ‘सहालियान उला’ म्हणजे काळी नदी म्हणत. सखालिन बेटाचं नाव याच शब्दातून आलंय. चिनी नाव ‘हेइलोंगजियांग’, काळ्या ड्रॅगनची नदी. 1689 मध्ये रशिया आणि चीनचं छिंग साम्राज्य यांच्यात नेरचिन्स्कचा तह झाला. त्या तहानुसार अमूरचे दोन्ही काठ इथं छिंग साम्राज्याकडेच राहिले. म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं ही नदी सीमा नव्हतीच.

मग आला निकोलाय मुराव्योव, पूर्व सायबेरियाचा गव्हर्नर जनरल. चीनची अवस्था तेव्हा बिकट होती. आतमध्ये ताइपिंगचं बंड, बाहेरून ब्रिटन आणि फ्रान्सचं दुसरं अफूयुद्ध. ही संधी साधून रशियानं अमूरवर ठाणी बसवायला सुरुवात केली. 1856 मध्ये झेया नदी अमूरला मिळते तिथं एक लष्करी ठाणं उभं राहिलं. मे 1858 मध्ये नदीपलीकडच्या आयगुन गावात तह झाला आणि अमूरचा डावा काठ रशियाकडे गेला. ठाण्याचं शहर झालं, त्याला नाव मिळालं ब्लागोव्हेश्चेन्स्क. अर्थ शुभवार्तेचं शहर. देवदूतानं मेरीला येशूच्या जन्माची वार्ता दिली, त्या सणावरून हे नाव आलं. मुराव्योवला बक्षीस म्हणून ‘काउंट’ ही पदवी आणि नावापुढे ‘अमूरस्की’ हे बिरुद मिळालं.

पण तहात एक बारीक कलम होतं. झेयाच्या दक्षिणेला, रशियाच्या ताब्यात गेलेल्या काठावर, मांचू आणि चिनी शेतकऱ्यांची जुनी गावं होती. ‘चौसष्ट गावं’ म्हणून ती इतिहासात ओळखली जातात. तिथल्या लोकांनी तिथंच राहायचं आणि त्यांच्यावर अधिकार छिंग सरकारचाच चालायचा, असं ठरलं. जमीन एकाची, माणसं दुसऱ्याची. हे कलम लक्षात ठेवा.

पुढची चाळीस वर्षं शहराची भरभराट झाली. आसपास सोन्याच्या खाणी निघाल्या, नदीत आगबोटी फिरू लागल्या, ‘कुन्स्ट आणि अल्बर्स’ या जर्मन व्यापाऱ्यांचं भव्य दुकान उभं राहिलं. आज त्याच इमारतीत प्रादेशिक संग्रहालय आहे. जून 1890 मध्ये लेखक अंतोन चेखव सखालिनला जाताना इथून गेला आणि पुढच्या बोटीत त्याच्या केबिनमध्ये सोबतीला एक चिनी प्रवासी होता, असं त्यानं पत्रात लिहून ठेवलंय. शहरात हजारो चिनी माणसं काम करत होती. सुतार, गवंडी, भाजीवाले, दुकानदार, घरातले नोकर. एकाच गल्लीतली, रोज दिसणारी माणसं.

जुलै 1900

1900 च्या उन्हाळ्यात चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सर उठाव पेटला. बेजिंगमधल्या परदेशी वकिलातींना वेढा पडला. तो फोडायला आठ देशांच्या फौजा निघाल्या. ब्रिटिशांच्या तुकड्यांत हिंदुस्थानी शिपाईही होते, हेही जाता जाता ध्यानात असू द्या. रशियानं मांचुरियात सैन्य घुसवायची तयारी केली आणि ब्लागोव्हेश्चेन्स्कमधलं बरंचसं सैन्य दुसरीकडे रवाना झालं.

शहरातल्या चिनी लोकांना धास्ती वाटत होतीच. आम्ही निघून जावं का, असं त्यांनी अधिकाऱ्यांना विचारलं होतं. घाबरू नका, तुम्हाला काही होणार नाही, असं उत्तर मिळालं. त्या शब्दावर ते थांबले.

जुलैच्या मध्यावर पलीकडच्या काठावरून आधी रशियन बोटींवर गोळीबार झाला, मग शहरावर तोफा डागल्या गेल्या. नुकसान तसं फार नव्हतं, पण शहरात घबराट पसरली. पलीकडून शत्रू येणार आणि इथले चिनी त्याला सामील होणार, ही अफवा वणव्यासारखी पसरली. लष्करी गव्हर्नर ग्रिब्स्कीच्या राजवटीत शहरातल्या चिनी लोकांना पकडून नदीपार घालवायचं ठरलं. पोलीस, कोसॅक सैनिक आणि हत्यारं घेतलेले स्थानिक स्वयंसेवक घरोघर फिरले. हजारो लोकांना गोळा करून शहराबाहेर, नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका कोसॅक वस्तीपर्यंत चालवत नेलं गेलं. वाटेत जे मागे पडले त्यांना मारलं गेलं.

काठावर पोचल्यावर कळलं की बोटी नाहीतच. हुकूम झाला, पोहून जा. ज्यांना पोहता येत नव्हतं त्यांनाही. जे पाण्यात उतरायला तयार नव्हते त्यांच्यावर गोळ्या, तलवारी आणि कुऱ्हाडी चालल्या. पलीकडे जिवंत पोचलेले मोजकेच. पुढच्या दिवसांत आणखी तुकड्या अशाच नदीत लोटल्या गेल्या. चौसष्ट गावंही रिकामी केली गेली, जाळली गेली. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत. शहरातल्या बळींचा आकडा बहुतेक इतिहासकार तीन ते पाच हजारांच्या दरम्यान धरतात, काही त्याहून जास्त. महिनाभरात रशियन फौजेनं नदी ओलांडली आणि जिथं तह झाला होता ते आयगुन जाळून टाकलं.

मंडळी, इथं जरा थांबूया. सीमेवरच्या गावांची गोष्ट सांगताना आपण सहज म्हणतो की लोक चांगले असतात, भांडणं राजधान्या लावतात. हे पुष्कळदा खरंही असतं. पण या दिवशी हुकूम फार लांबून आला नव्हता, आणि तो पाळणारे हातही त्याच शहरातले होते. कालपर्यंत ज्याच्याकडून भाजी घेतली, त्यालाच त्यांनी नदीकडे चालवत नेलं. शेजार होता, देवाणघेवाण होती, ‘मोया-त्वोया’ही होती. भीती पसरली तेव्हा त्यातलं काहीच आड आलं नाही.

चौकशी झाली. गव्हर्नरला पदावरून हटवलं गेलं, पण मोठी शिक्षा कुणालाच झाली नाही. 1910 मध्ये एका रशियन मासिकात सरकारी कागदपत्रांच्या आधारे या घटनेवर लेख आला. त्याचं शीर्षक होतं ‘ब्लागोव्हेश्चेन्स्कची उटोपिया’. उटोपिया म्हणजे आदर्श नगरी, आणि रशियन भाषेत ‘उतोपित’ म्हणजे बुडवणं. एका शब्दात लेखकानं सगळं सांगितलं.

कलिंगडं, पिशव्या आणि पूल

विसाव्या शतकात ही सीमा दारासारखी उघडत-मिटत राहिली. ऑगस्ट 1945 मध्ये सोव्हिएत फौजा जपानी सैन्याशी लढायला याच भागातून अमूर ओलांडून गेल्या. त्या काळातली एक चिलखती बोट घाटावर स्मारक म्हणून ठेवलीय. पन्नाशीच्या दशकात मैत्री, साठच्या दशकात वैर. मार्च 1969 मध्ये तर अमूरला मिळणाऱ्या उसुरी नदीतल्या दामान्स्की बेटावर दोन्ही देशांच्या सैनिकांत गोळीबार होऊन माणसं मेली. इथं काठावर दोन्हीकडून दुर्बिणी रोखलेल्या.

मग 1980 च्या दशकात हवा बदलली. 1987 मध्ये हेइहेहून एक बोट भरून कलिंगडं ब्लागोव्हेश्चेन्स्कला आली आणि बदल्यात रासायनिक खत गेलं. पैसा नाही, सरळ मालाला माल. सोव्हिएत संघ कोसळल्यावर नोकऱ्या गेल्या, पगार थकले, आणि शिक्षक, इंजिनिअर असे शिकलेले लोक मोठाल्या पिशव्या घेऊन हेइहेला जाऊ लागले. तिथून कपडे, बूट, भांडी आणायची आणि इथं विकायची. स्वतःचं सामान म्हणून आणलं की जकात लागत नसे, म्हणून व्यापारी भाड्यानं माणसं न्यायचे. त्या माणसांना गावात ‘किर्पिच’ म्हणत, म्हणजे वीट! आज ब्लागोव्हेश्चेन्स्कमध्ये या पिशवीवाल्या फेरीव्यापाऱ्याचा पुतळा आहे. सेनापतींच्या पुतळ्यांच्या देशात पिशव्या सांभाळणाऱ्या साध्या माणसाचा पुतळा, हे मला फार आवडलं.

पुलाचा करार 1995 मध्ये झाला, पण काम सुरू व्हायला 2016 साल उजाडलं. 2019 मध्ये दोन्ही टोकं जुळली, मग करोना आला, आणि जून 2022 मध्ये पहिले मालट्रक धावले. सप्टेंबर 2025 पासून चीननं प्रायोगिक तत्त्वावर रशियन नागरिकांना व्हिसाशिवाय 30 दिवसांपर्यंत यायची मुभा दिली. आपल्याला जायचं असेल तर मात्र दोन्ही देशांचे वेगवेगळे व्हिसा काढावे लागतील.

गेलात तर काय बघाल?

चिफानकात जेवा, ल्येबा खा, बर्फावरून बसनं जा, सगळं करा. पण हेइहेपासून साधारण 30 किलोमीटरवर आयगुनचं इतिहास संग्रहालय आहे, तेही चुकवू नका. तिथं 1900 ची घटना भल्यामोठ्या देखाव्यातून दाखवली आहे. चिनी शाळकरी मुलांच्या सहली तिथं येतात. रशियन पर्यटकांना मात्र अनेक वर्षं तिथं आत सोडत नसत, असं परदेशी पत्रकारांनी लिहिलंय. आणि इकडे ब्लागोव्हेश्चेन्स्कच्या घाटावर तहाचा, मुराव्योवचा, 1945 च्या विजयाचा अभिमान ठिकठिकाणी दिसतो. त्या जुलैबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

म्हणजे एका काठावर आठवण आहे, पण ती फक्त आपल्या माणसांना दाखवायची. दुसऱ्या काठावर तिच्याबद्दल गप्प राहायचं. माल ये-जा करतो, माणसं ये-जा करतात, गोष्ट तेवढी अजून नदी ओलांडत नाही. सुरुवातीचा प्रश्न होता, हे शेजारी एकमेकांना ओळखतात का? एकमेकांच्या वस्तू, पदार्थ, शब्द त्यांना नीट माहीत आहेत. पण ज्या दिवशी त्या काठावरची एखादी रशियन मुलगी आणि एखादा चिनी मुलगा आयगुनच्या त्या देखाव्यासमोर एकत्र उभे राहतील आणि मोकळेपणानं बोलतील, त्या दिवशी या ओळखीला खरी सुरुवात होईल, असं मला वाटतं.

तुमच्या माहितीत अशी सीमेवरची गावं असतील, जिथं दोन्ही बाजूंना एकच गोष्ट दोन प्रकारे सांगितली जाते, तर जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोपर्यंत ऐकत राहा, काळजी घ्या!