गटप्रेषण व आभासी जाल, घरगुती राउटरमधील

संगणक जालातील एका उगमापासून निघालेली माहिती ती मागणाऱ्या सर्वांना, आणि फक्त मागणाऱ्यांनाच, एकाच प्रवाहातून पोहोचविण्याच्या पद्धतीस गटप्रेषण अथवा मल्टिकास्ट असे म्हणतात. एकाच तारेवर व एकाच स्विचवर चालणाऱ्या वाहतुकीचे क्रमांक देऊन परस्परांपासून अलग असे भाग पाडले, तर त्या प्रत्येक भागास आभासी स्थानिक जाल किंवा व्हीलॅन ही संज्ञा आहे. या दोन्ही कल्पना १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे जन्मास आल्या आणि पुढे वीस वर्षांच्या आत घरोघरच्या राउटरमध्ये एकत्र नांदू लागल्या. त्यांची मांडणी राउटरमध्ये कशी करावी लागते, हे समजण्यास त्यांचा इतिहास बराच उपयोगी पडतो.

गटप्रेषणाचे स्वरूप माजलगावच्या (जि. बीड) वाचकास कालव्याच्या दृष्टांताने चटकन उमगेल. पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडी प्रकल्पाचा उजवा कालवा १३२ किमी. वाहत माजलगावकडे येतो. तेथे सिंदफणा नदीवर प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील धरण १९८७ मध्ये पुरे झाले. मुख्य कालवा, वितरिका, चाऱ्या अशा क्रमाने पाणी शेतापर्यंत जाते. मात्र ज्या शेतकऱ्याने नमुना सातचा अर्ज भरला, त्याच्याच शेतात ते सोडले जाते. गटप्रेषणातही मागणीचा संदेश खालून वर जातो आणि ज्या फाट्यावर एकही मागणी नाही, तो फाटा कोरडा राहतो. दृष्टांत येथे संपतो, कारण पाणी वाटले की कमी होते. माहितीची मात्र प्रत्येक फाट्यावर नवी प्रत निघते. टोकाच्या शेतकऱ्याला अपुरे पाणी मिळण्याचे दुखणे या पद्धतीत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणारे स्टीव्ह डीअरिंग व त्यांचे मार्गदर्शक डेव्हिड चेरिटन यांनी डिसेंबर १९८५ मध्ये इंटरनेटसाठी ‘यजमान गटां’ची कल्पना मांडली. अनेक संगणकांवर मिळून चालणाऱ्या एका कार्यप्रणालीवर तेथे काम चालू होते. तीतील संदेश एकाच वेळी पुष्कळ यंत्रांना धाडण्याची गरज होती आणि ती यंत्रे एकाच तारेवर नसली, तर काय करावे, हा प्रश्न होता. ऑगस्ट १९८९ मध्ये या पद्धतीचे प्रमाणभूत विवरण प्रसिद्ध झाले. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते गटांसाठी राखून ठेवण्यात आले. असा पत्ता कोणत्याही एका यंत्राचा नसतो. तो गटाचा असतो आणि यंत्रे त्या गटात येतात व जातात. सभासदत्वाची ही नोंद राखणाऱ्या नियमावलीस आयजीएमपी म्हणतात.

या पत्त्यांत गटाची ओळख २८ बिटांत असते, पण ईथरनेटच्या पत्त्यात तिला केवळ २३ बिट मिळाले आहेत. सर्व २८ बिट सामावून घेण्यास पत्त्यांचे सोळा संच हवे होते व त्या काळी एका संचास एक हजार डॉलर पडत. जॉन पोस्टेल यांनी एकच संच घेतला आणि त्यातील निम्मा डीअरिंग यांना दिला, अशी हकीकत या क्षेत्रात सांगितली जाते. परिणाम असा, की ३२ निरनिराळ्या गटांचा ईथरनेटवरील पत्ता एकच ठरतो. पंधरा हजार डॉलरांची ही काटकसर जगातील प्रत्येक घरगुती स्विचमध्ये आजही वागवली जात आहे.

मार्च १९९२ मध्ये सॅन डिएगो येथील तंत्रज्ञांच्या बैठकीतील भाषणांचा आवाज तीन खंडांतील वीस ठिकाणी गटप्रेषणाने ऐकविण्यात आला. त्यातून ‘एमबोन’ हे प्रायोगिक जाल वाढले. नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाच्या डॅलस येथील कार्यक्रमाचा काही भाग याच जालावरून दाखविण्यात आला. भारतात त्या वेळी इंटरनेट शैक्षणिक संस्थांपुरतेच होते. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली.

आभासी जालाचा उगम दूरध्वनीच्या व्यवसायातला आहे. बेलकोर या संस्थेतील डब्ल्यू. डेव्हिड सिंकोस्की यांनी ईथरनेटवरून आवाज पाठविण्याचे प्रयोग केले होते. हेच तंत्र दूरध्वनीच्या जाळ्याएवढे विस्तारायचे, तर सर्व वाहतूक एकाच वृक्षाकार मार्गाने नेणे परवडणारे नव्हते. त्यांनी व चेस कॉटन यांनी प्रत्येक चौकटीस एक खूण जोडून अनेक वृक्ष एकाच जालावर चालविण्याची कल्पना १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. खुणेला त्यांनी रंगांची उपमा दिली होती : तांबड्या खुणेची चौकट तांबड्या मार्गानेच जाणार. १९९८ मध्ये ‘८०२.१ क्यू’ या मानकाने तिला चार बाइटांचे निश्चित रूप दिले. त्यांतील १२ बिट क्रमांकासाठी असून पहिला व शेवटचा क्रमांक वगळता ४,०९४ जाले पाडता येतात. घराला इतक्यांची गरज नाही हे खरे. परंतु क्रमांक घराने नव्हे, तर सेवा देणाऱ्या कंपनीने ठरविलेला असतो.

घरगुती राउटरच्या पोटात व्हीलॅन गृहस्थाच्या नकळतच येऊन बसले होते. डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आलेल्या लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या प्रसिद्ध राउटरमध्ये मागील बाजूची पाचही छिद्रे एकाच स्विचची होती. त्यांपैकी एक बाहेरचे व चार घरातली, हा भेद तारांनी नव्हे, तर आतल्या व्हीलॅनच्या क्रमांकांनी केलेला होता. या यंत्रातील लिनक्सवर आधारित आज्ञावली २००३ मध्ये खुली करणे कंपनीस भाग पडले व तीवरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. तोपर्यंत कंपन्यांच्या अभियंत्यांपुरती असलेली ही मांडणी त्यामुळे जिज्ञासू गृहस्थाच्या हाती आली.

महाराष्ट्रात या दोन्ही तंत्रांची घरगुती गाठ दूरचित्रवाणीने घालून दिली. महानगर टेलिफोन निगमाने २००५ मध्ये ब्रॉडबँड सेवा आणि २००६ मध्ये मुंबई व दिल्ली येथे दूरध्वनीच्या तारेवरून दूरचित्रवाणी सुरू केली. तिच्यामागील हिशेब सोपा आहे. एका वाहिनीस दोन मेगाबिट लागतात असे धरले आणि एका एक्स्चेंजवरील हजार घरांत ती पाहिली जात असली, तर प्रत्येकास वेगळी प्रत देण्यास दोन हजार मेगाबिट लागतील. गटप्रेषणाने एक्स्चेंजपर्यंत दोन पुरतात. वाहिनी बदलणे म्हणजे एक गट सोडून दुसऱ्यात जाणे होय. दूरचित्रवाणी, दूरध्वनी व इंटरनेट यांची एकमेकांवर कुरघोडी होऊ नये म्हणून तंतूवरील सेवांत प्रत्येकास वेगळा व्हीलॅन देण्याची प्रथा जगभर रूढ झाली.

म्हणून अशी सेवा घेणाऱ्या घरातील राउटरमध्ये तीन गोष्टी जुळाव्या लागतात. बाहेरच्या बाजूस कंपनीने दिलेला व्हीलॅन क्रमांक अचूक भरावा लागतो. तो चुकला तर दिवा हिरवा लागतो, पण चित्र येत नाही. घरातील संचाची मागणी वर पोहोचविण्यासाठी आयजीएमपी प्रतिनिधी, म्हणजे प्रॉक्सी, दूरचित्रवाणीच्या व्हीलॅनकडे तोंड करून चालू असावा लागतो. तिसरी गोष्ट ‘स्नूपिंग’ची. स्विचने मागणीचे संदेश कान देऊन ऐकावेत व प्रवाह त्याच छिद्रातून सोडावा, असा तिचा अर्थ आहे. ती बंद असल्यास प्रवाह सर्व छिद्रांतून वाहतो. बिनतारी जोडणीवर हे विशेष बाधते, कारण तेथे गटप्रेषण सामान्यतः सर्वांत मंद गतीने केले जाते. दोन मेगाबिटांचा प्रवाह सारे घर अडवून धरतो.

चित्र सुरू होऊन चार मिनिटांनी थिजणे हा दोष फार जणांना चकवितो. सभासद अजून आहेत काय, अशी पृच्छा कोणीतरी दर १२५ सेकंदांनी करावी लागते. पृच्छा करणारे यंत्र जालात नसले, तर संच पुन्हा मागणी नोंदवीत नाही आणि २६० सेकंदांनंतर स्विच त्याचे नाव खोडून टाकतो. आवर्तन चालू असताना अर्जाची मुदत संपावी, तसा हा प्रकार आहे. तार, संच किंवा कंपनी यांना दोष देण्यापूर्वी हे घड्याळ तपासणे श्रेयस्कर.

खुल्या इंटरनेटवर मात्र गटप्रेषण रुजले नाही. एका कंपनीच्या जालातून दुसरीच्या जालात प्रवाह जाताना प्रतींचा खर्च कोणी सोसावा, गटात कोणीही पाठवू लागल्यास त्याला कसे रोखावे, यांची उत्तरे व्यवहारात मिळाली नाहीत. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकाच्या भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याच्या वेळी हॉटस्टारवर एका क्षणी २.५३ कोटी प्रेक्षक होते. नोव्हेंबर २०२३ मधील अंतिम सामन्यास ही संख्या ५.९ कोटींवर गेली. यांतील प्रत्येकास स्वतंत्र प्रत पाठविली गेली. मधोमध साठवणुकीची यंत्रे ठेवून हा भार पेलला जातो, पण शेवटच्या टप्प्यात त्यांचा उपयोग नाही. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व २०१५ पासून भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेतील तंतूवर जेव्हा एखादे गाव अवलंबून असते, तेव्हा तेथील दोनशे दूरध्वनींवर एकच सामना दोनशे वेळा उतरतो. त्याच वेळी ग्रामपंचायतीतून सातबारा काढू पाहणाऱ्याला खोळंबून राहावे लागू शकते. तंत्र हाताशी असून ते वापरण्याची व्यापारी सोय नाही, अशी ही स्थिती आहे.

घराच्या आत गटप्रेषण मात्र सर्वत्र जिवंत आहे. दूरध्वनीवरील चित्र दूरचित्रवाणी संचावर पाठविताना अथवा छपाई यंत्र शोधताना दूरध्वनी २२४.०.०.२५१ या गटात हाक मारतो व ज्याला ओळख द्यायची तो उत्तर देतो. ॲपल कंपनीने २००२ मध्ये प्रचारात आणलेली ही रीत २०१३ मध्ये इंटरनेटचे मानक म्हणून प्रसिद्ध झाली. ही हाक राउटर ओलांडत नाही, आणि येथेच दोन तंत्रांचा कलह होतो. स्वस्त कॅमेरे, पाहुण्यांचे दूरध्वनी, भाडेकरूची खोली यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवणे सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच; एक कॅमेरा परक्याच्या ताब्यात गेला, तरी बँकेचे व्यवहार चालणारा संगणक त्यापासून अलग राहतो. परंतु संचही त्या वेगळ्या जालात गेल्यास दूरध्वनीला तो सापडत नाही. अशा वेळी दोन जालांमध्ये फक्त ही हाक पलीकडे नेणारा परावर्तक बसवितात, आणि संचाकडे जाणारी जोडणी घरातील यंत्रांनीच सुरू करावी, संचाने नव्हे, असा नियम राउटरच्या संरक्षक भिंतीत घालतात.