कुरारची गल्ली, आक्साची वाळू आणि अंगावरचा कॅमेरा

मालाडमध्ये राहून स्वतःच्या हिमतीवर शूटिंग करणाऱ्याला एकाच दिवसात दोन टोकांच्या जागा मिळतात. सकाळी पूर्वेला कुरारमध्ये, पाण्याची पिंपं आणि बाहेर आलेल्या पायऱ्या चुकवत पात्राच्या मागे चालायचं. उन्हं कलली की पश्चिमेला आक्साच्या वाळूवर त्याच पात्राला क्षितिजासमोर चालवायचं. हातातला जिंबल तोच, धरणारा माणूसही तोच. तरी घरी येऊन फुटेज पाहावं तर आक्साचा शॉट स्थिर आणि गल्लीतला पावलागणिक हिंदकळलेला. एका लघुपटाच्या वेळी माझं असंच झालं आणि मी रात्रभर जिंबल कॅलिब्रेट करत बसलो. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

कॅमेऱ्याचे हादरे दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत कॅमेरा जागच्या जागी वळतो: वर-खाली झुकतो, डावी-उजवीकडे फिरतो किंवा कलंडून क्षितिज तिरकं करतो. दुसऱ्या जातीत तो न वळता नुसता सरकतो. चालताना माणसाचं अंग दर पावलाला चार-पाच सेंटिमीटर वर जातं आणि खाली येतं, त्याच्यासोबत कॅमेराही. स्टॅबिलायझरच्या निवडीचं सगळं गणित या दोन जातींच्या फरकात आहे. फुलफ्रेम कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स आणि ३८४० बाय २१६० पिक्सेलचं चित्र धरू. कॅमेरा एका अंशाने झुकला तर चित्र सुमारे ९३ पिक्सेल सरकतं. समोर भिंत असो की समुद्र, आकडा तोच. पण कॅमेरा ४ सेंटिमीटर वर उचलला गेला, तर एक मीटरवरची भिंत २१३ पिक्सेल खाली जाते, दहा मीटरवरचा माणूस २१ आणि शंभर मीटरवरची होडी जेमतेम २. किनाऱ्यावर वळणं आवरलं की भागतं. गल्लीत सरकणंही आवरावं लागतं. (५०च्या जागी २४ची लेन्स लावली तर २१३चे १०२ होतात. खर्चाआधी करून पाहण्याजोगा हा पहिला उपाय.)

मोटरवाला जिंबल जायरोस्कोपने वळण ओळखतो आणि उलट दिशेला तेवढंच वळून ते मारतो. फ्रीफ्लाय कंपनीचा मोवी २०१३ साली आला, पाठोपाठ डीजेआयचे रोनिन आले आणि हे काम छोट्या युनिटच्या आवाक्यात आलं. पण जिंबल धरून लिफ्टने चौथ्या मजल्यावर जा, त्याच्या लेखी काही घडलेलंच नसतं. एडिटिंगमधलं स्टॅबिलायझेशनही इथे हात टेकतं. जवळची भिंत २१३ पिक्सेल सरकली आणि गल्लीचं टोक दहा-बारा, तर चित्र कुणाच्या हिशेबाने मागे ओढायचं? एकाला जागेवर आणलं की दुसरं उड्या मारू लागतं. गुडघे वाकवून मांजरपावलांनी चालणं हा इलाज खरा आहे, पण तिसऱ्या टेकनंतर पोटऱ्या बोलायला लागतात.

मालाडपुरतं बोलायचं तर कॅमेरा हलवण्याचा प्रश्न इथे १९३४पासूनचा. त्या वर्षी हिमांशू राय आणि देविका राणी यांनी इथे बॉम्बे टॉकीज हा स्टुडिओ उभा केला आणि योझेफ व्हिर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा कॅमेरा इथल्या फ्लोअरवर आला. त्या काळात कॅमेरा न हिंदकळता चालवायचा म्हणजे त्याच्याखाली चाकं हवीत आणि चाकांखाली सपाट जमीन. पायऱ्या, चिखल, गर्दी ही सगळी कॅमेऱ्याला बंद असलेली वाट. ती १९७०च्या दशकात गॅरेट ब्राउन या अमेरिकन कॅमेरामनने उघडली. त्याचं स्टेडीकॅम पडद्यावर आलं ते १९७६ साली, ‘बाउंड फॉर ग्लोरी’ आणि ‘रॉकी’ या चित्रपटांत. कमरेला आवळलेलं जाकीट, त्यातून निघालेला स्प्रिंगचा आर्म आणि आर्मच्या टोकाला बिनमोटरच्या जिंबलवर तोललेला दांडा: वर कॅमेरा, खाली बॅटरी आणि मॉनिटर.

यातला आर्म नीट समजून घ्यावा, कारण पैसे त्याचे असतात. कॅमेरा साध्या स्प्रिंगला टांगून का भागत नाही? आपण सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. स्प्रिंगचा स्वतःचा झोका दोन सेकंदांना एक इतका संथ असेल, तर हिशेबाने ४ सेंटिमीटरच्या धक्क्यातले तीन मिलिमीटरसुद्धा कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाहीत. पण इतका संथ झोका हवा तर कॅमेऱ्याच्या वजनाने स्प्रिंग एक मीटर ताणली जायला हवी. एक मीटर लोंबणारी स्प्रिंग अंगावर बांधून कोण चालणार? म्हणून आर्मला खांदा-कोपरासारखे दोन भाग देतात, प्रत्येक भाग म्हणजे समांतरभुज चौकट, आणि आतली स्प्रिंग अशा कोनात बसवतात की कॅमेरा वर असो की खाली, उचलणारं बल जवळपास सारखंच राहतं. स्वस्त आर्म मार खातात ते इथेच. मधल्या उंचीवर ते छान तरंगतात, पण वर ढकललं की खाली यायला बघतात आणि खाली दाबलं की उसळतात. दुकानात आर्म पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन सोडून बघा. विकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडली तरी चालेल.

दुसरी गफलत वजनाची. आर्म ‘किती किलोपर्यंत’ उचलतो एवढंच लोक विचारतात. ‘किती किलोपासून’ हे विचारायचं राहून जातं. सोनी एफएक्स-३सारखा कॅमेरा ७१५ ग्रॅमचा. लेन्स, माइक, मॉनिटर धरून दोन-सव्वादोन किलो होतात. पाच किलोपासून चालणाऱ्या आर्मवर तो ठेवला तर आर्म वरच अडकून बसतो. शिवाय दांड्याचं स्थैर्य जडत्वातून येतं, आणि जडत्व वस्तुमानासोबत वाढतं तसंच अंतराच्या वर्गाने वाढतं: पाव किलोची चकती तोलाच्या बिंदूपासून ३० ऐवजी ६० सेंटिमीटरवर नेली तर तिचा प्रभाव चौपट. कॅमेरे हलके झाल्याचा आनंद या एका जागी उलटा पडतो. बॉम्बे टॉकीजच्या आवारात आता छोटे गाळे आणि कारखाने आहेत. त्या बाजूच्या एका लेथवाल्याकडून मी लोखंडी चकत्या कापून घेतल्या. त्याने विचारलं, “कॅमेऱ्याला वजन कशाला वाढवता? लोक कमी करतात.” चकत्या लावल्यावर दांडा आडवा करून सोडायचा आणि उभा व्हायला किती वेळ लागतो ते मोजायचं. दोन-तीन सेकंद लागले तर ठीक. पटकन उभा झाला तर खालची बाजू जड आहे आणि चालायला सुरुवात केली की तो लंबकासारखा झुलणार.

जाकिटाने वजन कमी होतं हा गैरसमज. वजन तेवढंच राहतं, फक्त हातांवरून कमरेच्या हाडावर जातं. वर कॅमेरा अंगापासून अर्धा मीटर पुढे असतो, त्यामुळे सहा किलोचा संच माणसाला सतत पुढे ओढतो आणि पाठ त्याला मागे धरून ठेवते. कमरपट्टा हाडाच्या वर पोटावर चढला तर सगळा भार मणक्यावर येतो. तयार जाकिटं बहुधा धिप्पाड मापाची. बारीक चणीच्या माणसाने पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही ती फिरत असतील तर आर्म कितीही चांगला असला तरी घेऊ नयेत. वीस मिनिटं लोड चढवून उभं राहायचं, मग निर्णय. दिवसभर खांद्यावर कॅमेरा वागवणं एवढीच अडचण असेल, म्हणजे लग्न किंवा माहितीपट, तर डोक्यावरून आलेल्या दोरीला कॅमेरा टांगणारं ईझीरिग पुरतं. पावलांचा हिसका मात्र ते एकटं फारसा घालवत नाही.

आणि वारा. दुपारनंतर आक्साला समुद्रावरून वारा सुटला की दांड्याचं शीड होतं. चांगला ऑपरेटरही क्षितिज सरळ ठेवताना घामाघूम. तिथे मोटरवाला जिंबलच सरस. मार्वेच्या विसर्जनाच्या गर्दीत तर मी जाकीट नेणारच नाही. लोंढा आला की ते झटकन अंगावेगळं करता येत नाही. मुळात कॅमेरा चालायलाच हवा का, हेही विचारावं. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ या चित्रपटात तो बहुतेक वेळ जागचा हलत नाही आणि काही अडत नाही.

माझ्यापुरतं ठरलं ते असं: जिंबल विकत, आणि त्याचं वजन पेलेल असा हलका आर्म व जाकीट गल्लीच्या कामापुरतं भाड्याने. मात्र शूटच्या दोन दिवस आधी. भाड्याच्या सामानासोबत अटेंडंट येतो, सराव येत नाही. कुरारचा शॉट पुन्हा घेतला तेव्हा गच्चीवर दोन संध्याकाळी नुसत्या फेऱ्या मारल्या होत्या. जेमतेम तीन फुटांच्या गल्लीत आर्म पुढे पसरायला जागा नाही, म्हणून तो दुमडून छातीशी घेतला. असिस्टंट मागून पट्टा धरून पायऱ्या मोजत होता. पहिल्या टेकला कोपर पिंपावर आपटलं. दुसऱ्याला फोकस गेला, कारण अंगावरच्या रिगमध्ये लेन्सला हात लावता येत नाही आणि ऑटोफोकस वाळत घातलेल्या साडीवर जाऊन बसला. तिसऱ्या टेकच्या आधी नळावरच्या मावशींनी न सांगता आपला पाइप बाजूला ओढून घेतला, साडी वर सरकवली आणि म्हणाल्या, “चला आता, पाणी जायच्या आत उरका.”