मोमिनाबादहून मुंबईला, १९४५

अंबाजोगाईच्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती पाहून तुम्ही बाहेर येता, तर गाव तेच, पण नाव मोमिनाबाद आणि अंमल निजामाचा. साल १९४५. इथे रेंगाळू नका, मुंबई गाठा.

खोलीत आवाज न करता शिरा. सावळाराम हळदणकर, मूळचे सावंतवाडीचे, साठी ओलांडलेले, कागदावर काम करताहेत. समोर त्यांची लेक गीता दिवा घेऊन उभी. तीनेक तास अशीच उभी राहणार आहे.

तिच्या बोटांकडे बघा. ज्योत तळव्याआड आहे; बोटांच्या कडा तेवढ्या लालसर पेटल्यात. आता कागद बघा. पांढऱ्या रंगाचा ठिपका शोधू नका. जलरंगात उजेड म्हणजे कोरा किंवा अगदी पातळ रंग ल्यालेला कागद. तेलरंगात चुकलं तर वर थर चढवता येतो. इथे ब्रश भरकटला की कागद वाया. तुम्हीही नकळत श्वास धरता.

बाहेर मात्र हवा पालटलीय. तिकडे अमूर्ताचा म्होरक्या कांडिन्स्की नुकताच, १९४४च्या डिसेंबरात वारला. इकडे १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे प्रोग्रेसिव्ह गट काढतील. १९४८ साली वासुदेव गायतोंडे जे. जे. कलाशाळेतून शिकून बाहेर पडतील आणि पुढे चित्रातून माणूस, वस्तू सगळंच वजा करतील. मग दिवा घेतलेली बाई रंगवणाऱ्याला ‘कॅलेंडरवाला’ म्हणायला कितीसा वेळ?

मला मूर्त-अमूर्ताचं हे भांडणच पोकळ वाटतं. गायतोंड्यांच्या कॅनव्हासवरही शेवटी उजेडच उरतो. आणि तुम्ही तर अंबाजोगाईकर! तुमच्याच गावात संतकवी दासोपंतांनी चाळीसेक फुटी पासोडीवर पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा सिद्धांत, आकृत्या काढून समजावला, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं तत्त्वज्ञान कापडावर उतरवलं. त्याच गावात हत्ती मात्र हत्तीसारखाच कोरलाय. दोन्ही सुखाने नांदताहेत.

हळदणकरांचं हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. तिथे गेलात तर शेजारचा कुणीतरी हमखास सांगेल, ‘रविवर्म्याचं तैलचित्र!’ त्याला दोन्ही चुका सांगा. चित्र जलरंगातलं आहे, आणि रविवर्मा १९०६ सालीच गेले.