टाकलेलं मूल, सापडलेलं मूल : टॉम जोन्स आणि यशवंत फुले

मगाशी आत येताना एका काकूंनी मला अगदी सरळ विचारलं, की अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका पोराच्या भानगडी ऐकायला आम्ही मुलुंडमध्ये संध्याकाळची कामं सोडून का यायचं? प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देतो, म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत बसाल.

सुरुवात एका शब्दापासून करू या. आई-बापांनी सोडून दिलेल्या मुलाला इंग्रजीत 'फाउंडलिंग' म्हणतात. त्यात 'सापडणं' हे क्रियापद आहे. सापडलेलं मूल. आपण मराठीत काय म्हणतो? टाकलेलं मूल. मूल तेच, पाळणा तोच. पण एका भाषेचं लक्ष उचलणाऱ्याकडे आहे आणि दुसरीचं टाकणाऱ्याकडे. आता लगेच 'बघा, इंग्रज किती चांगले' असं म्हणू नका. तसं नाहीये, ते पुढे कळेल.

हेन्री फील्डिंग हा लेखक. जन्म १७०७, मृत्यू १७५४. आधी नाटकं लिहायचा, सरकारची टिंगल करायचा. १७३७ साली नाटकांवर परवान्याचा कायदा आला आणि याचं दुकान बंद झालं. मग वकिली केली, कादंबऱ्या लिहिल्या आणि १७४८ साली तो लंडनमध्ये दंडाधिकारी झाला. पुढच्याच वर्षी, १७४९च्या फेब्रुवारीत, त्याची अठरा भागांची कादंबरी आली : 'टॉम जोन्सचा इतिहास, एक सापडलेलं मूल'. ओळख शीर्षकातच दिलेली आहे, बरं का. लपवाछपवी नाही.

गोष्ट थोडक्यात सांगतो. ऑलवर्दी नावाचे एक श्रीमंत, विधुर, सज्जन जमीनदार. तीन महिने लंडनला राहून घरी येतात, रात्री झोपायला जातात, तर अंथरुणात कापडात गुंडाळलेलं एक तान्हं बाळ गाढ झोपलेलं! घरातली जुनी नोकरीण धावत येते. तिचा सल्ला काय? टोपलीत घाला आणि चर्चच्या अधिकाऱ्याच्या दारात ठेवून या. बाहेर पाऊस आणि वारा चाललेला, पण तिच्या मते मूल सकाळपर्यंत जगण्याची शक्यता बऱ्यापैकी आहे. (हशा) हसलात ना? फील्डिंगला हेच हवं आहे. आधी हसवायचं आणि मग आपण कशाला हसलो ते आपल्यालाच टोचू द्यायचं. तेवढ्यात ते बाळ जमीनदाराचं बोट घट्ट धरतं, आणि विषय संपतो. मूल घरात राहतं.

मग सगळ्या गावाचा एकच उद्योग सुरू होतो : आई कोण? जेनी जोन्स नावाच्या एका हुशार मुलीवर आळ येतो. ती चक्क कबूल करते आणि गावाबाहेर जाते. बाप म्हणून शाळामास्तर पार्ट्रिज धरला जातो, बिचाऱ्याची रोजीरोटी जाते. टॉम मोठा होतो. उमदा, दिलदार, आणि उतावळा. एका गरीब कुटुंबाला मदत करायला स्वतःचं घोडं विकतो, बायबलसुद्धा विकतो. शेजारच्या जमीनदाराच्या मुलीवर, सोफियावर, त्याचं मनापासून प्रेम आहे. पण मध्येच भलत्या भानगडीत पाय घसरतो. त्याच घरात ऑलवर्दींच्या बहिणीचा मुलगा ब्लिफिल वाढतो. वागायला सोज्वळ, मनात काळा. तो कान भरतो, टॉमला घराबाहेर काढलं जातं.

पुढे सगळा रस्त्यावरचा गोंधळ. खानावळी, मारामाऱ्या, चुकलेल्या खोल्या. बडतर्फ मास्तर न्हावी होऊन भेटतो आणि टॉमचा सोबती बनतो. सोफिया घरून पळून टॉमच्या मागे येते; एका खाणावळीत हा दुसऱ्याच बाईबरोबर आहे असं कळल्यावर आपला हातमोज्यासारखा मफ त्याच्या रिकाम्या अंथरुणावर ठेवून निघून जाते. मग लंडन, द्वंद्व, तुरुंग. आणि अगदी शेवटी रहस्य उघडतं : टॉमची खरी आई होती ऑलवर्दींची सख्खी बहीण ब्रिजेट. लग्नाआधी झालेलं मूल तिनेच जेनीकरवी भावाच्या अंथरुणात ठेवून घेतलं होतं, आणि जेनीला पैसे देऊन आळ घ्यायला लावला होता. मरताना तिने पत्र लिहून ठेवलं. ते ब्लिफिलने दाबलं. पत्राची गोष्ट बाहेर येते, टॉम वारस ठरतो, सोफियाशी लग्न होतं. गोड शेवट.

आता जरा थांबू. या शेवटात एक गोम आहे. टॉमच्या आई-बापांचं लग्न झालेलंच नव्हतं. म्हणजे इंग्लंडच्या कायद्याने तो अखेरपर्यंत 'कुणाचाच मुलगा नाही'. फील्डिंगने मनात आणलं असतं तर एक गुप्त विवाह घुसडता आला असता, कादंबरीकारांना ते सोपं असतं. त्याने ते केलं नाही. इथे मी त्याला मानतो. पण त्याच वेळी त्याने एक सोयही करून घेतली : मूल निघालं ते त्याच घरातल्या रक्ताचं. समजा टॉम खरोखरच मोलकरणीचा मुलगा निघाला असता, तर? सोफिया मिळाली असती? या प्रश्नाला कादंबरी उत्तर देत नाही.

आणि कादंबरीबाहेर काय चाललं होतं? १६२४ सालचा एक कायदा होता. अविवाहित बाईने मुलाचा मृत्यू लपवला, तर तिने खूनच केला असं धरून चालायचं. मूल मेलेलंच जन्मलं हे तिने सिद्ध करायचं. हा कायदा १८०३ पर्यंत टिकला. लंडनच्या रस्त्यांवर टाकलेली मुलं बघून थॉमस कोरम नावाचा एक दर्यावर्दी अनेक वर्षं उंबरे झिजवत राहिला, तेव्हा १७३९ साली अनाथ बालकगृहाला राजाची सनद मिळाली. १७४१ला पहिली मुलं घेतली. गर्दी इतकी झाली की पुढे आयांना पिशवीतून रंगीत चेंडू काढायला लावायचे. पांढरा आला तर मूल आत, काळा आला तर परत, लाल आला तर थांबा. आया मुलाबरोबर खूण ठेवून जायच्या, कापडाचा तुकडा, एखादं नाणं. पुढे कधी परत न्यायला आलो तर ओळख पटावी म्हणून. मुलाला मात्र आत नवं नाव मिळायचं. १७५६ ते १७६० या काळात पार्लमेंटने पैसे दिले आणि येईल ते मूल घ्यायचं ठरलं. जवळपास १५,००० मुलं आली, आणि त्यातली बहुतेक दगावली. टॉमचं हसरं आयुष्य या पार्श्वभूमीवर वाचायचं असतं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याला टाकलेलं मूल म्हटलं की कोण आठवतो? (श्रोत्यांतून : कर्ण!) बरोबर. पेटीतून नदीत सोडलेला. अधिरथ आणि राधेने त्याला वाढवलं. त्यालाही शेवटी आपली आई कोण ते कळतं. पण टॉमला कळतं तेव्हा लग्न होतं, कर्णाला कळतं तेव्हा युद्ध होतं. मराठी वाचकाने 'मृत्युंजय' आणि 'राधेय' उराशी धरले ते या दुःखासाठी. आपल्या मनात असं मूल म्हणजे शोकांतिकाच. त्याच्यावर विनोदी कादंबरी लिहावी असं आपल्याला सुचत नाही.

याचं एक कारण आपल्या एकोणिसाव्या शतकात आहे. उच्च जातींत लहानपणी लग्न, लवकर वैधव्य, पुनर्विवाहाला बंदी. त्यातून कुणी फसवलं आणि दिवस गेले, तर त्या बाईपुढे गर्भपात, विहीर किंवा बालहत्या. १८६३ साली पुण्यात जोतिरावांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या काशीबाई नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेने आपलं मूल मारलं. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. ज्याच्यामुळे हे घडलं तो पुरुष मोकळा. त्याच वर्षी जोतिराव आणि सावित्रीबाईंनी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. या, गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. जोतिरावांनी १८८४ साली सरकारला लिहिलेल्या टिपणात नोंदवलंय, की तोवर ३५ विधवा तिथे आल्या. मुलं मात्र बहुतेक जगली नाहीत, कारण पोटात असतानाच त्यांच्यावर विषारी औषधांचा मारा झालेला असायचा. १८७५ साली पंढरपुरातही असं गृह निघालं. लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांनी पुढाकार घेतला आणि प्रार्थना समाजाने ते चालवलं. वारीच्या गावात असं गृह का लागलं, ते वेगळं सांगायला नको. १८८१ला सुरतेच्या विजयालक्ष्मीचा खटला गाजला, आणि त्यावरच्या चर्चेने संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली.

या पुण्याच्या घरात १८७४च्या सुमारास आणखी एक विधवा बाळंत झाली. तिचंही नाव काशीबाईच. तिचा मुलगा तो यशवंत. फुले दांपत्याने त्याला आपला मुलगा केलं.

इथे ऑलवर्दी आणि जोतिराव शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑलवर्दींना शेवटपर्यंत कळत नाही, हा कुणाचा ते. जोतिराव-सावित्रीबाईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हा कुणाचा ते. आणि तरीही तो आमचा, असं त्यांनी म्हटलं. उघड करायला रहस्यच ठेवलं नाही. १० जुलै १८८७ रोजी जोतिरावांनी मृत्युपत्र केलं आणि यशवंतला वारस नेमलं. त्यातही डोळसपणा बघा : मुलगा शिकला नाही, वाईट चालीचा निघाला, तर त्याचा हक्क जाईल अशी अट घातली. हक्क रक्तावर ठेवला नाही, वागण्यावर ठेवला. फील्डिंगला ही अट फार आवडली असती. टॉमची निम्मी मिळकत मात्र गेली असती! (हशा)

आणि प्रेमकथा? तीही आहे. विधवेच्या मुलाला मुलगी कोण देणार? अडचण खरीखुरी होती. शेवटी ग्यानोबा ससाणे यांची मुलगी राधा हिच्याशी ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने लग्न झालं. सावित्रीबाईंनी लग्नाआधीच मुलीला घरी राहायला आणलं होतं, दोघांची ओळख व्हावी, तिने शिकावं म्हणून, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. १८८९ सालचं पुणं डोळ्यांसमोर आणा, मग याचं मोल कळेल. आणि योगायोग बघा : कर्णाला राधा मिळाली ती आई म्हणून. यशवंतला मिळाली ती सहचरी म्हणून.

पुढचं मात्र गोड नाही. १८९० साली जोतिराव गेले, तेव्हा टिटवं कुणी धरायचं यावरून नात्यातल्यांनी वाद घातला. दत्तक मुलाचा हक्क मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवं हातात घेऊन अंत्ययात्रेपुढे चालल्या. राधाबाई १८९५ला वारल्या. यशवंत डॉक्टर झाला होता. १८९७च्या प्लेगात त्याने हडपसरजवळ दवाखाना काढला. तिथे रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. ज्या मुलाला त्यांनी मरणाच्या दारातून घरात आणलं, त्याच्याच दवाखान्यात त्यांचा शेवट झाला.

आता काकूंचा प्रश्न. मुलुंडमध्ये बसून हे का ऐकायचं? कारण हा प्रश्न अजून आपल्या इमारतींत, आपल्या घरांत आहे. जुन्या शास्त्रात दत्तक द्यायला आई किंवा बाप लागायचा. ज्याला कुणीच नाही त्याला देणार कोण? म्हणून सगळ्यांत गरजू मुलालाच दत्तक जाता येत नव्हतं. १९५६चा कायदा आला, १९६२च्या दुरुस्तीने टाकलेल्या मुलालाही न्यायालयाच्या परवानगीने दत्तक घेण्याची वाट मोकळी झाली. २०१५च्या बाल न्याय कायद्याने तर आईला मूल बाल कल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं, आणि विचार बदलायला ६० दिवस मिळतात. विहिरीपासून ६० दिवसांपर्यंत यायला आपल्याला दीडशे वर्षं लागली. कायदा आला. पण दत्तक मूल खेळायला खाली उतरलं की जिन्यात आपण अजून हळूच विचारतो, "कुणाचं आहे हो?" गेली पावणेतीनशे वर्षं टॉमच्या गावाचाही तोच उद्योग चाललाय.

पुढच्या वेळी हा प्रश्न जिभेवर आला, तर उत्तर समोरच असतं. ज्याचं बोट त्या मुलाने धरलंय, त्यांचं.