‘वृद्धिघटक’ ही संज्ञा आणि कर्कपेशींचे तगणे : एक ऐतिहासिक विवेचन

१

शास्त्रीय संज्ञा ही वस्तूच्या प्रथम दर्शनाची खूण असते. पुढे वस्तूचे ज्ञान वाढते; संज्ञा मात्र पुष्कळदा त्या पहिल्या दर्शनापाशीच थांबते. ‘कर्करोग’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. गाठीभोवती पसरलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या भासल्या आणि तो भास युरोपीय भाषांमधून अनुवादरूपाने मराठीत येऊन स्थिरावला. शब्दांच्या पोटी दडलेला इतिहास उकलण्याचे कार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्यभर केले. १९२६ साली धुळे येथे त्यांचे निधन झाले व त्यांच्या नावाचे संशोधन मंडळही तेथेच उभे राहिले. त्या खानदेशात ‘वृद्धिघटक’ या संज्ञेची तशीच तपासणी करणे अप्रस्तुत ठरू नये.

२

या संज्ञेचा उगम अर्बुदाच्या अभ्यासातच आहे. १९४८ साली एल्मर ब्यूकर यांनी उंदराच्या अर्बुदाचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणावर रोपला असता भ्रूणाचे मज्जातंतू त्या अर्बुदात शिरलेले त्यांना आढळले. सेंट लुईस येथे रीता लेव्ही-माँताल्चिनी व व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. अर्बुदाचा भ्रूणाशी प्रत्यक्ष स्पर्श नसतानाही मज्जातंतूंची वाढ होते, असे दिसून आल्यावर अर्बुदातून काही द्रव्य पाझरत असले पाहिजे, हा निष्कर्ष अटळ झाला. १९५३ पासून स्टॅन्ली कोहेन यांनी त्या द्रव्याचा शोध हाती घेतला. त्यासाठी वापरलेल्या सर्पविषात आणि पुढे उंदराच्या लालाग्रंथीत ते द्रव्य विपुल प्रमाणात सापडले. डोळ्यांना वाढ दिसली. म्हणून नावही वाढीचेच पडले.

परंतु १९६० साली या द्रव्याविरुद्ध तयार केलेला प्रतिरस नवजात उंदरांना टोचण्यात आला, तेव्हा निराळेच घडले. त्यांच्या अनुकंपी मज्जासंस्थेची केवळ वाढ खुंटली नाही. तिच्या बहुतेक पेशी मरून गेल्या. म्हणजे हे द्रव्य पेशींना वाढवीत होते, त्याहून अधिक ते त्यांना जगवीत होते. १९६२ साली कोहेन यांनी लालाग्रंथीतूनच त्वचापेशींवर कार्य करणारा दुसरा घटक वेगळा केला. त्यातील ५३ ॲमिनो अम्लांचा क्रम १९७२ साली निश्चित झाला. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघा संशोधकांना मिळाले. संज्ञा मात्र ‘वृद्धिघटक’ हीच राहिली.

३

महाराष्ट्रातही हाच प्रश्न प्रयोगशाळेच्या दारी उभा होता. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. हेला पेशींची परंपरा ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली सुरू झाली, त्या बाल्टिमोर येथील जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतकसंवर्धन शिकून आलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्या केंद्रात हे तंत्र रुजविले. पेशी काचपात्रात जगवावयाच्या तर क्षाररस व पोषक द्रव्ये पुरत नाहीत, रक्तद्रवही घालावा लागतो, हे त्या काळी सर्वांस अनुभवाने ठाऊक होते. रक्तद्रवातील कोणता अंश पेशींना तगवितो, याचा उलगडा पुढे हळूहळू झाला.

४

१९७२ साली केर, वायली व करी यांनी पेशींच्या नियत मृत्यूचे वर्णन केले. त्याला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव ॲबर्डीनचे ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी सुचविले. पानगळ हा त्याचा मूळ अर्थ. पेशीच्या अंगी स्वतःचा अंत करण्याची यंत्रणा असते आणि बाहेरून येणारे जीवनसंकेत तिला आवरून धरतात, ही कल्पना त्यातून पुढे विकसित झाली. वृद्धिघटक पेशीपृष्ठावरील ग्राहीस चिकटला म्हणजे आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे निरोप जातो. त्या साखळीतील ‘एकेटी’ हे प्रथिन मृत्यूस चालना देणाऱ्या प्रथिनांना निष्प्रभ करते.

कर्कपेशी या व्यवस्थेचाच लाभ उठविते. स्वतःस लागणारा घटक ती स्वतःच निर्माण करू शकते, हे स्पोर्न व टोडॅरो यांनी १९८० साली मांडले. १९९२ साली असे दिसून आले की, ‘मिक’ या जनुकाने विभाजनास सतत हाकललेल्या पेशी रक्तद्रव काढून घेताच मरू लागतात. इन्शुलिनसदृश वृद्धिघटक दिल्यास त्या वाचतात, हे लवकरच सिद्ध झाले. तात्पर्य, बेसुमार वाढ ही पेशीस मृत्यूच्या जवळ नेते आणि तगून राहण्याची सोय झाल्यावाचून ती वाढ टिकत नाही. प्राणवायूचा तुटवडा, उपासमार व किरणोपचार या तिन्ही संकटांत कर्कपेशीस हाच आधार मिळतो.

५

तंबाखू चघळण्याची सवय ज्या समाजात आहे, तेथे या विवेचनाचे मोल केवळ शाब्दिक राहत नाही. मुखकर्कात कोहेन यांच्या त्वचावृद्धिघटकाचा ग्राही बहुधा वाजवीपेक्षा अधिक आढळतो. त्या ग्राहीस रोखणारे प्रतिद्रव्य किरणोपचारास जोडल्यास डोके व मान यांच्या कर्करोगात रुग्ण अधिक काळ जगतात, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. अशा प्रतिद्रव्याची परीक्षा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही झाली असून तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले.

जळगाव किंवा धुळे येथील रुग्णालयात वैद्य जेव्हा ‘वाढ थांबली’ असे म्हणतात, तेव्हा रुग्ण त्याचा अर्थ ‘रोग गेला’ असा घेण्याचा संभव असतो, आणि उपचार अर्धवट सुटण्याचे भय तेथेच आहे. वाढ थांबलेली गाठ तगून राहिलेली असू शकते. ‘वृद्धिघटक’ ही संज्ञा आता रूढ झाली आहे व ती बदलण्याचे प्रयोजन नाही. परंतु तिचे विवरण करताना ‘वाढविणे’ या क्रियापदाशेजारी ‘तगविणे’ हे अस्सल मराठी क्रियापद ठेवले पाहिजे. अर्ध्या शतकाच्या संशोधनाने त्या संज्ञेत घातलेला अर्थ तेवढ्याने लोकांपर्यंत पोहोचेल.